अंगणाचा बेवड सांभाळ: क्लोव्हर लावणाऱ्या भाचीला आत्याचे कानमंत्र

पोरी, मिनेसोटात घर घेतलंस, घराबरोबर गवताचं अंगण आलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तू मला विचारलंस, हे गवत काढून क्लोव्हर लावलं तर चालेल का. चालेल. लाव. पण ऐकीव माहितीवर बियांची पिशवी आणून उधळू नकोस. जमिनीत हात घालायचा तर तिची रीत समजून घालावा, ही आपल्या घरची शिकवण. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपलं गाव बार्शीकडचं. काळ्या रानात हरभरा किंवा तूर निघाली की त्या जागी पुढचं पीक जोमानं येतं. 'बेवड चांगला आहे,' एवढंच म्हातारी माणसं म्हणत आणि पुढच्या पेरणीचा विचार करत. त्यामागचं कारण मुळांत आहे. शेंगवर्गी पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला देतात, आणि मुळं, पाला कुजला की ते नत्र मातीत उतरतं. क्लोव्हर हरभऱ्याच्याच कुळातलं. तुझ्या अंगणातलं केंटकी ब्लूग्रास मात्र नत्र विकत मागतं, आणि जुलै-ऑगस्टात पाणी कमी पडलं की तपकिरी पडून बसतं. क्लोव्हर त्या दिवसांत त्याच्यापेक्षा बराच काळ हिरवं राहतं.

माझे सगळे कानमंत्र एकाच गोष्टीतून निघतात, तेवढी मनात धर: अंगण हेसुद्धा रानच आहे. ज्या झाडानं ते झाकशील, त्या झाडाकडून जमीन सुधारली पाहिजे.

बी घेण्याआधी झाड ओळख

तुला हवं आहे ते पांढरं क्लोव्हर. एका देठावर तीन लंबगोल पानं, पत्त्यांतल्या किलवराच्या चिन्हासारखी, आणि बहुतेक पानांवर फिकट पांढरा कोन. आपल्याकडच्या आंबुशीचंही पान तीन भागांचं असतं, पण तिचा प्रत्येक भाग बदामाच्या आकाराचा असतो आणि चव आंबट. ती वेगळी वनस्पती. क्लोव्हरचं खोड जमिनीलगत सरपटत जातं आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडतं. या सवयीमुळेच ते जमीन झाकतं, माती धरून ठेवतं आणि यंत्राखाली कापलं तरी मरत नाही.

दुकानात 'डच व्हाइट' नावाचं बी सहज मिळतं, ते चांगलं. 'मायक्रोक्लोव्हर' म्हणून विकतात ती याच पांढऱ्या क्लोव्हरची बारीक पानांची निवड. ते बुटकं राहतं, फुलं कमी येतात आणि गवतात मिसळून दिसतं. किंमत मात्र बरीच जास्त. नीटनेटकी हिरवळ हवी असेल तर मायक्रोक्लोव्हर घे. मधमाश्यांसाठी फुलं हवी असतील तर साधं डच व्हाइट घे.

शेतमालाच्या दुकानात 'लॅडिनो' नावाची पिशवी स्वस्तात दिसेल. ती जात मोठ्या पानांची, उंच वाढणारी, गुरांच्या चाऱ्याची आहे, अंगणात नको. लाल क्लोव्हर दोन-अडीच फूट वाढतं. किरमिजी क्लोव्हर फुलतं देखणं, पण एकाच हंगामाचं. 'स्वीट क्लोव्हर' आणि 'क्राउन व्हेच' ही नावं दिसली तर पिशवी जागेवर ठेव. मिनेसोटाच्या माळरानांत ती दोन्ही पसरून तिथल्या मूळच्या वनस्पतींना दाबून टाकतात.

आधी माती बघ

बियांआधी मातीच्या चाचणीवर पैसे खर्च कर. मिनेसोटा विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा घरच्या अंगणाचीही माती तपासून देते. अंगणात आठ-दहा ठिकाणी खुरप्यानं चार इंच खोल माती काढ, वरचं गवत झटक, सगळी माती एकत्र मिसळ आणि त्यातला नमुना पाठव.

क्लोव्हरला सामू ६ ते ७ च्या दरम्यान आवडतो. त्याहून खाली असेल तर गाठींतले जिवाणू नीट काम करत नाहीत. अहवालात सांगितला असेल तेवढाच चुना घाल. चुन्याचा गुण यायला महिने लागतात, म्हणून वसंतात पेरायचं असेल तर चुना आधीच्या शरदात पडला पाहिजे.

शेंगवर्गी पिकाला नत्र द्यावं लागत नाही, पण स्फुरद आणि पालाश लागतं. मिनेसोटात हिरवळीला स्फुरदाचं खत घालायला कायद्यानं बंदी आहे, कारण ते पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यांत उतरतं आणि तिथं शेवाळ माजतं. नवी हिरवळ लावताना पहिल्या हंगामात किंवा माती परीक्षणात कमतरता दिसली तर मुभा आहे. म्हणून परीक्षणाचा कागद जपून ठेव. हजारो तळ्यांच्या राज्यात राहायचं तर हा नियम मनापासून पाळावा.

जागेचं ऊनही मोज. दिवसातून चार-पाच तास ऊन मिळत असेल तर क्लोव्हर येतं. मेपलच्या दाट सावलीत ते विरळ पडतं, तिथं हट्ट करू नकोस.

एकटं लावू नकोस, सोबत दे

नुसतं क्लोव्हर छान दिसतं, पण त्याच्या दोन अडचणी आहेत. रोज पाय पडतात त्या जागी ते चेंगरतं. आणि थंडीत त्याची पानं झडून जमिनीलगतचं खोडच उरतं, त्यामुळे बर्फ वितळल्यावर काही आठवडे माती उघडी पडते. उतारावर त्या दिवसांत माती वाहून जाते.

म्हणून त्याला गवताची सोबत दे. बारीक पात्याचं 'फाइन फेस्क्यू' गवत या कामाला उत्तम. ते हळू वाढतं, खत कमी मागतं आणि क्लोव्हरला दाबत नाही. क्लोव्हर त्याला नत्र पुरवतं आणि गवत वसंतात जमीन धरून ठेवतं. मिनेसोटा विद्यापीठानं 'बी लॉन' म्हणून जे मिश्रण सुचवलं आहे, त्यात हेच आहे: फाइन फेस्क्यू, डच व्हाइट क्लोव्हर, जमिनीलगत वाढणारी सेल्फ हील आणि सरपटणारं थाइम. ज्वारीत तुरीचे पाटे टाकायची आपली जुनी पद्धत आहे, तिच्यामागचा विचारही हाच. एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

नुसतं क्लोव्हर लावायचंच असेल तर लहान, सपाट, वर्दळ नसलेला तुकडा निवड. घराच्या बाजूची पट्टी किंवा दोन वाफ्यांमधली जागा त्याला पुरते.

घात साध

पेरणीची घात चुकली की बी चांगलं असूनही उगवण फसते. तुझ्या भागात तीन घाती मिळतात.

पहिली, मार्चच्या शेवटी ते एप्रिलच्या सुरुवातीला, बर्फ वितळू लागतो तेव्हा. रात्री जमीन गोठते, दिवसा सैल होते, आणि या हालचालीनं वर टाकलेलं बारीक बी आपोआप मातीत बसतं. ज्यांच्याकडे हिरवळ आधीपासून आहे आणि तिच्यात क्लोव्हर मिसळायचं आहे, त्यांना ही घात सोयीची. फक्त जाड बर्फावर बी टाकू नकोस, वितळलेलं पाणी ते वाहून नेतं. आणि उगवून आलेल्या रोपांना कडक गोठण लागण्याचा धोका या घातीत असतो, म्हणून थोडं बी मेमध्ये भर घालायला राखून ठेव.

दुसरी, मेचा मध्य ते जूनची सुरुवात. माती किमान १० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते, उगवण झपाट्यानं होते. पण तणही त्याच वेळी उगवतं, तेव्हा खुरपणीची तयारी ठेव.

तिसरी, ऑगस्टचा मध्य. हवा उतरू लागते, माती मात्र गरम असते. पहिल्या कडाक्याच्या थंडीआधी रोपांना सहा ते आठ आठवडे मिळायला हवेत, म्हणून ऑगस्ट संपला की ही घातही संपली असं समज. उशिरा उगवलेली कोवळी रोपं गोठणीत जमिनीतून उचलली जातात आणि मुळं उघडी पडून मरतात.

मे किंवा ऑगस्टात पेरशील तेव्हा माती वाफशावर हवी. मूठभर माती दाबून बघ. गोळा होऊन बोटानं सहज फुटला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर दोन दिवस थांब.

बी थोडं, माती उघडी

क्लोव्हरचं बी मोहरीपेक्षाही बारीक. एका ग्रॅममध्ये दीड हजाराच्या वर दाणे असतात. नुसतं क्लोव्हर लावायचं तर हजार चौरस फुटांना पाव पौंड, म्हणजे साधारण एकशे तेरा ग्रॅम बी भरपूर झालं. गवतात मिसळायचं तर पन्नास-साठ ग्रॅम पुरतं. जास्त टाकलंस तर क्लोव्हर गवताला झाकून टाकेल.

बियांवर रंगीत कवच असेल तर पिशवीच्या वजनात त्या कवचाचंही वजन असतं. पिशवीवर त्याचं प्रमाण छापलेलं असतं, ते बघून बी वाढवून घे.

जुनं गवत ठेवून त्यातच पेरायचं असेल तर गवत दीड-दोन इंचांपर्यंत कापून घे. मग दाताळ्यानं जोर लावून ओढ, म्हणजे वाळलेल्या काडीचा थर निघून माती दिसू लागेल. बियांचा मातीला स्पर्श झाला नाही तर ते वरच्या काडीवर रुजून वाळतं. पहिल्या पेरणीत येणारं बहुतेक अपयश इथं असतं.

एवढं बारीक बी हातानं एकसारखं पडत नाही. त्याच्या दहापट कोरडी वाळू घेऊन तिच्यात ते नीट मिसळ. मिश्रणाचे दोन भाग कर. एक भाग उत्तर-दक्षिण चालत फोक, दुसरा पूर्व-पश्चिम चालत. वारा पडलेला असावा, सकाळची वेळ चांगली. मग दाताळं उलटं करून हलकेच फिरव आणि पायांनी किंवा रुळानं दाबून घे. पाव इंचापेक्षा खोल गेलेलं बी वर येत नाही, त्यामुळे वरून मातीचा थर टाकू नकोस.

पेरताना आणि नंतरही नत्राचं खत घालायचं नाही. आयतं नत्र मिळालं की क्लोव्हर गाठी कमी धरतं, आणि त्याच खतावर गवत मात्र माजतं.

जिवाणू चोळायला विसरू नकोस

आपल्याकडे हरभरा किंवा भुईमूग पेरताना बियांना रायझोबियम चोळतात. गुळाचं पाणी करून, गार झाल्यावर त्यात संवर्धक कालवून, बियांना हलक्या हातानं लावून सावलीत सुकवतात. इथंही तेच कर. मात्र प्रत्येक कुळाचे जिवाणू वेगळे असतात. हरभऱ्याचं संवर्धक क्लोव्हरला लागू पडत नाही. पिशवीवर 'क्लोव्हरसाठी' असं लिहिलेलं आणि मुदत न उलटलेलंच संवर्धक घे. उन्हात ठेवू नकोस, ते जिवंत असतं. कवच असलेल्या बियांना बहुतेक वेळा ते आधीच लावलेलं असतं, तसं पिशवीवर छापलेलं असेल तर पुन्हा लावायची गरज नाही.

पेरून दोन महिने झाले की एक रोप मुळासकट हलकेच उपट, पाण्यात धू आणि गाठी बघ. एक गाठ नखानं फोड. आत गुलाबी रंग दिसला तर जिवाणू काम करत आहेत. पांढुरकी किंवा हिरवट दिसली तर करत नाहीत, मग सामू पुन्हा तपास. तुझ्या मुलांना हे मुद्दाम दाखव. हवेतून खत कसं तयार होतं हे त्यांना डोळ्यांनी दिसेल.

पहिले तीन आठवडे तुझे

उगवण आठवडा ते दहा दिवसांत दिसते. तोवर आणि त्यानंतरचे काही दिवस मातीचा वरचा अर्धा इंच सुकता कामा नये. रोज हलकं पाणी दे. कडक उन्हाच्या दिवसांत दोनदा दे. पाण्याची धार जोराची नको, बी एका जागी गोळा होतं. रोपाला तीन-चार खरी पानं आली की पाण्याची पाळी लांबव, पण दर वेळी खोलवर दे.

मोठी पाती असलेलं तण आधी दिसेल. ते हातानं काढ, माती ओली असताना. काढताना शेजारचं रोप उचललं गेलं तर बोटानं दाबून बसव. पहिल्या हंगामात मुलांना आणि कुत्र्याला त्या तुकड्यावर पळू देऊ नकोस. क्लोव्हर पहिल्या वर्षी मुळं धरतं, पसरतं ते दुसऱ्या वर्षी. पहिल्या शरदात विरळ दिसलं म्हणून नाराज होऊ नकोस.

तणनाशकाला दार बंद

आता सांगते ते सगळ्यांत महत्त्वाचं. अमेरिकेत एके काळी हिरवळीच्या बियांच्या मिश्रणात क्लोव्हर असायचंच. दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी नावाचं तणनाशक बाजारात आलं. ते गवताला सोडून रुंद पानांची झाडं मारतं, आणि क्लोव्हर रुंद पानांचं. तण मारताना क्लोव्हरही मरू लागलं. मग बियांच्या मिश्रणातून त्याला काढलं गेलं आणि पुढच्या पिढीला ते तणच वाटू लागलं. क्लोव्हर गेल्यावर नत्र बाहेरून आणावं लागलं, त्याचा खर्च घरोघरी वाढला.

तेव्हा 'वीड अँड फीड' लिहिलेली कुठलीही पिशवी घरात आणू नकोस. तिच्यात गवताचं खत आणि क्लोव्हरचं मरण एकत्र असतं. गवत कापायला माणूस ठेवला असेल तर 'फवारणी नाही' असं त्याच्या करारात लिहून घे. डायकांबा आणि क्लोपिरॅलिड हीसुद्धा क्लोव्हर मारणारी औषधं. क्लोपिरॅलिड तर फवारलेल्या गवताच्या कंपोस्टमधूनही येतं आणि तुझ्या टोमॅटोची पानं मुरडतात. कुणी फुकट कंपोस्ट दिलं तर आधी विचार, कशाचं आहे.

क्लोव्हरच्या हिरवळीत तण काढायचं ते खुरप्यानंच. दाट झालं की ते स्वतःच बरंचसं तण दाबून टाकतं.

कापणी उंच आणि क्वचित

जावईबापूंना सांग, यंत्राचं पातं तीन-साडेतीन इंचांवर ठेवावं. त्याहून खाली कापलं तर सरपटणारं खोड उघडं पडतं, ऊन लागून वाळतं, आणि मोकळ्या जागेत तण शिरतं. दर आठवड्याचं यंत्र थांबवता येईल. नुसत्या क्लोव्हरच्या तुकड्याला हंगामात तीन-चार कापण्या पुरतात, मिश्र हिरवळीला थोड्या अधिक.

कापलेला पाला गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत भरू नकोस. तो तिथंच पडू दे. क्लोव्हरचं नत्र गवताला मिळतं ते मुख्यतः कुजलेल्या पाल्यातून आणि मेलेल्या मुळांतून. पाला उचलून नेलास तर बेवड उचलून नेल्यासारखं होतं. पातं मात्र धारदार हवं, बोथट पातं देठ चिरडतं.

फुलं आली की पाहुणे येतात

जूनपासून पांढरे गोंडे दिसू लागतात आणि सप्टेंबरपर्यंत येत राहतात. त्यांच्यावर मधमाश्या येतात, केसाळ बंबलबी येतात, आणि डोळ्यांना चटकन न दिसणाऱ्या बारीक रानमाश्याही येतात. मिनियापोलिसच्या सार्वजनिक बागांतल्या हिरवळीवर झालेल्या अभ्यासात क्लोव्हरवर पन्नासहून अधिक जातींच्या माश्या आढळल्या. रस्टी पॅच्ड बंबलबी ही २०१७ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त जीवांच्या यादीत गेली आणि २०१९ साली तिला मिनेसोटानं राज्याची माशी म्हणून मान दिला. त्याच सुमारास 'लॉन्स टू लेग्युम्स' हा राज्याचा कार्यक्रम सुरू झाला. अंगणात माश्यांसाठी लागवड करणाऱ्या रहिवाशांना त्यातून मदत मिळते. पात्रता आणि अर्जाची वेळ बघून तूही अर्ज कर.

घरात लहान मुलं आहेत, म्हणून अंगणाचे दोन भाग कर. मुलं खेळतात तो भाग गोंडे दिसू लागताच काप. मागचा भाग फुलू दे. मुलांना सांग, फुललेल्या भागात अनवाणी जायचं नाही. कुणाला माशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर दाराजवळ आणि वाटेवर फुलं येऊच देऊ नकोस. फुललेला भाग कापायचाच असेल तर संध्याकाळी उशिरा काप, माश्या घरी परतलेल्या असतात.

कुठे लावू नकोस

रस्त्याकडेच्या पट्टीत हिवाळ्यात मीठ येतं. पांढऱ्या क्लोव्हरला खारवट माती सोसत नाही, तिथं मीठ सोसणारं गवतच ठेव.

लहान फळझाडांच्या बुंध्याशी दोन-तीन फुटांचं आळं मोकळं ठेव. दाट क्लोव्हरच्या आडोशाला रानउंदीर येतात आणि बर्फाखाली बसून खोडाची साल कुरतडतात. हरणं आणि ससे क्लोव्हर आवडीनं खातात, त्यामुळे भाजीच्या वाफ्यांना कुंपण हवंच.

रोजच्या पायवाटेवर फरशी किंवा लाकडाचा भुसा टाक. ओलं क्लोव्हर निसरडं असतं आणि पांढऱ्या कपड्यांवर त्याचे हिरवे डाग बसतात.

घरामागे मूळच्या प्रेअरीचा तुकडा असेल तर त्याला लागून क्लोव्हर नको. ते युरोपातून आलेलं झाड आहे, अंगणात उपयोगाचं, पण तिथल्या मूळच्या फुलांचा हक्क आधी. फुलझाडांच्या वाफ्यात ते सरपटत शिरतं, म्हणून कडेला चार-पाच इंच खोल पट्टी बसव किंवा कुदळीनं वर्षातून दोनदा कड कापून घे.

शोभेच्या जाती कुंडीत आणि कडेला

हिरव्याखेरीज रंग हवा असेल तर पांढऱ्या क्लोव्हरच्याच शोभेच्या जाती मिळतात. 'पर्प्युरासेन्स क्वाड्रिफोलियम'ची पानं गडद जांभळट-तपकिरी, कडेला हिरवी रेघ, आणि त्यांत चार भागांची पानं पुष्कळ. 'ड्रॅगन्स ब्लड'च्या पानांवर पांढुरक्या हिरव्यात लाल शिंतोडे असतात. दगडी पायऱ्यांच्या कडेला, कुंडीच्या काठावरून सोडायला, मोठ्या झुडपांच्या पायाशी या जाती फार शोभतात. पाय पडतील तिथं मात्र नकोत.

या जाती बियांपासून जशाच्या तशा येत नाहीत. मुळं धरलेलं पेरं चार इंचांच्या तुकड्यासह काप आणि फूटभर अंतरावर लाव. पाणी नियमित दिलं की एका हंगामात जागा भरते. साध्या हिरव्या पानांची फांदी निघाली तर लगेच मुळासकट काढ, ती जोमदार असते आणि रंगीत पानांना झाकते. साध्या क्लोव्हरच्या हिरवळीपासूनही त्यांना दूर ठेव.

नांगे भरत राहा

क्लोव्हरचं एकेक रोप फार वर्षं टिकत नाही. सुरुवातीचं सोटमूळ वर्ष-दोन वर्षांत जातं, मग सरपटणाऱ्या खोडाच्या उथळ मुळांवर ते जगतं. म्हणूनच लांबलेल्या दुष्काळात त्याला आठवड्यातून एकदा इंचभर पाणी द्यावं लागतं. दोन-तीन वर्षांनी ठिकठिकाणी विरळ दिसू लागलं की बर्फ वितळायच्या घातीत नांगे भर. मूठभर बी, थोडी वाळू आणि दाताळ्याचा एक हात, एवढ्यानं काम होतं. अधूनमधून फुलं पिकू दिलीस तर पडलेल्या बियांनी काही नांगे आपोआप भरतात.

शेजाऱ्यांना आधी सांग

सोसायटीचे नियम पेरणीआधी वाच. काही ठिकाणी हिरवळ कशी असावी हे लिहून ठेवलेलं असतं. शेजारी भेटले की काय लावते आहेस आणि का, ते सांग. कडेची दीड-दोन फुटांची पट्टी नेहमी कापलेली ठेव, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की आतली फुलं मुद्दाम राखली आहेत. त्यांच्याकडे फवारणी होणार असेल तर वारा कुठून आहे ते बघायची विनंती कर. गोडीनं मागितलं तर माणसं ऐकतात.

पुण्याच्या भावंडांसाठी वेगळा सल्ला

तुझे फोटो बघून पुण्या-सोलापूरची भावंडं बी मागतील. सामानातून बी नेऊ नकोस. भारतात बी-रोप आणायला वनस्पती संगरोधाचे नियम आहेत, परवान्याशिवाय ते चालत नाही, आणि ते नियम रोगराई रोखण्यासाठीच आहेत. शिवाय पांढरं क्लोव्हर थंड हवेचं आहे. हिमालयाच्या डोंगरउतारांवर ते सुखानं वाढतं, आपल्या पठारावरच्या एप्रिल-मेत टिकत नाही. त्याचं भावंड बरसीम आपल्याकडे रब्बीत चाऱ्यासाठी घेतात, पण ते उंच वाढतं आणि एका हंगामाचं असतं.

त्यांना सांग, शेंगवर्गी हिरवळ हवी तर पिंटो पीनट लावा. भुईमुगाच्याच वंशातलं, मूळचं ब्राझीलचं, जमिनीलगत पसरणारं, पिवळ्या फुलांचं. पावसाळ्याच्या सुरुवातीला वीतभर फांद्या वीतभर अंतरावर लावाव्यात. पहिले काही महिने सावकाश वाढतं, तेव्हा खुरपणी हवी. उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं. अर्धवट सावलीतही ते चालतं, नारळी-पोफळीखालीही. आणि मुलांच्या खेळाच्या जागी आपली हरळीच उत्तम, तिच्याइतकं तुडवणं दुसरं काही सोसत नाही.

जाता जाता एवढंच. सगळं अंगण एकदम उकरू नकोस. या ऑगस्टात घराच्या बाजूचा हजार चौरस फुटांचा तुकडा घे, माती तपासून घे, बी आणि संवर्धक आण, आणि पुढचा उन्हाळा तो तुकडा नीट बघ. जमलं तर दर वर्षी थोडं वाढव. मातीत घातलेलं नत्र, वाचलेलं पाणी आणि न फवारलेलं औषध याचा फायदा तुझ्या घरालाही आहे आणि तुझ्या गल्लीच्या टोकाला असलेल्या तळ्यालाही. तेव्हा या आठवड्यात पहिलं काम कर: खुरपं घे आणि मातीचा नमुना काढून पाठव.